न घेतलेली शपथ

आमचं दुकान बुडत चाललंय हे मला घरातल्या कुणी सांगितलं नाही. तेलिणीनं सांगितलं. रोज सकाळी ती दारात येऊन तेल ओतायची आणि हिशेब अमावास्येला व्हायचा. त्या दिवशी तिनं माप भरलं, पण ओतलं नाही. मी भांडं धरून उभी, ती माप धरून उभी. शेवटी म्हणाली, "आदी पैसं द्या, वैनी. राग नका मानू. समदेच तुमच्याकडनं रोखीत घ्यायलेत आता."

"समदे म्हंजी कोण?"

"म्या काय सांगू? मालकास्नी इचारा की."

मालक म्हणजे माझे यजमान. येडशीच्या स्टेशनाजवळ आमचं किराणा दुकान होतं. गाव मोगलाईतलं, निजामाच्या राज्यातलं. पण छोट्या गाडीत बसून एक डुलकी काढावी तोवर बार्शी यायची, आणि बार्शी इंग्रजी हद्दीत. माझं माहेर त्या बाजूला. लग्न होऊन आले तेव्हा गावात आमच्या दुकानाच्या नावावर कुणीही काहीही द्यायचं. बार्शीचा आडत्या नुसत्या निरोपावर गुळाच्या ढेपा पाठवायचा. त्यामुळं तेलीण पैसे मागते म्हणजे तीच काहीतरी चुकते आहे असं मला वाटलं. दुपारी जेवायला वाढताना मी विचारलं तर हे म्हणाले, "बाजार मंदा हाय. समद्यांचंच तसं चाललंय." आणि खाली बघून जेवत राहिले. खाली बघून जेवायची त्यांची सवय नव्हती. एरवी मीठ कमी पडलं तरी माझ्याकडं बघून हसायचे. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

खरं काय ते आडावर कळलं. बायकांना सगळं ठाऊक होतं, मी सोडून. आदल्या हंगामात यांनी रामलिंगाच्या डोंगरातल्या सीताफळांचा हर्रास घेतला होता. म्हणजे सरकारी लिलावात बोली लावून डोंगरातली सगळी फळं विकत घेतली होती. मला सांगितलं होतं की पैसा घरचाच आहे. ते लढाईचे दिवस. गाडीला मालाचे डबे मिळेनात. फळं एकदम पिकली, आणि स्टेशनाच्या फलाटावर टोपल्यांच्या उतरंडी काळ्या पडत गेल्या. तो वास मला आठवतो. गोड, आंबूस, आणि त्यावर माश्या. नुकसान झालं हे मला दिसलंच होतं. पण तो पैसा सावकाराचा होता आणि घर-दुकान दोन्ही लिहून दिलेलं होतं, हे मला आडावर, घागर बुडवताना, शेजारणीच्या तोंडून ऐकावं लागलं. त्या दिवशी मी घागर अर्धीच आणली. कर्जाचा राग नव्हता मला. धंद्यात वर-खाली होतंच. पण वर्षभर माझ्या हातचं जेवून हा माणूस माझ्याशी खोटं बोलला, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

पत गेलेल्या घरात राहणं म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. भिंतीला डोळे फुटतात. ज्या बायका कधी उंबरा चढल्या नव्हत्या त्या हळदी-कुंकवाच्या निमित्तानं आत यायच्या आणि फळीवरच्या हंड्या-कळशांवरून नजर फिरवून जायच्या. मी एक परात कल्हईला दिली तर गावात बातमी, वाण्याची सून भांडी मोडायला लागली. नवं लुगडं नेसले तर पैसा दडवलाय, जुनं नेसले तर सोंग करते. मीही काही कमी नव्हते. शेजारणीनं ताक दिलं तरी मला वाटायचं, ही भांडं परत न्यायला येईल तेव्हा काय बघून जाईल?

सावकार आमच्यातलेच होते, लिंगायत. वयानं मोठे, अंगानं बारीक, आवाज कधी चढवला नाही. रोज संध्याकाळी येऊन आमच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे, पान खायचे, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी करायचे. त्यांच्या त्या गोडव्याचीच मला धास्ती वाटायची. एकदा तितक्याच मऊ आवाजात ते यांना म्हणाले, "शेट, दुकान तुमीच चालवा. पर आतला माल माझ्याकडं गहाण समजा. गिऱ्हाइकाला इका, गल्ला मला दावा. घरात न्यायचा असला तर तेवढं इचारून न्या." तेव्हापासून आमच्याच दुकानातलं जिरं मला विचारून आणावं लागायचं. मी आणायचंच बंद केलं. बिनफोडणीचं वरण खाल्लं आम्ही.

त्यांना भीती एकाच गोष्टीची होती, आम्ही पळून जाऊ याची. थोड्याच दिवसांपूर्वी गावातला एक कापडवाला तुळजापूरला दर्शनाला जातो म्हणून बायको-पोरांसकट निघाला आणि इंग्रजी हद्दीत जाऊन राहिला. मोगलाईतली जप्ती तिकडं पोचायची नाही. त्याच्याकडं सावकारांचेही पैसे होते. तेव्हापासून गावातलं कुणीही कर्जदार बोचकं घेऊन स्टेशनाकडं निघालं की चार माणसं मागं वळून बघायची.

त्या थंडीत यांनी माझ्या पाटल्या मागितल्या. व्याज भरायचंय, बार्शीला मोडून आणतो म्हणाले. मी काढून दिल्या. आईनं दिलेल्या होत्या, वजनदार. परत आल्यावर त्यांनी सावकाराला दिलेली रक्कम मी ऐकली आणि मनातल्या मनात चक्रावले. तेवढ्या सोन्याचे एवढेच? सोनं लढाईत महागलं होतं हे मलाही कळत होतं. मी विचारलं तर म्हणाले, "बाजारभाव असतोय तसा असतोय. तुला काय कळतंय त्यातलं?" झालं. मी ठरवून टाकलं की एक तरी पाटली ह्यांनी लपवून ठेवली आहे.

त्यात भर म्हणजे घरातलं कानडी. सासूबाई उमर्ग्याकडच्या. मला कळू द्यायचं नसलं की मायलेक कानडीत बोलायचे. मला चार शब्द येत होते, आणि त्यातला एक 'बंगारा', म्हणजे सोनं. चुलीपाशी दोघं हळू आवाजात बोलत बसले की तो शब्द पुन्हापुन्हा यायचा. मी आत गेले की दोघं गप्प. सासूबाई म्हणायच्या, "काय गं, भाकरी जळती का बघाया आलीस?" मी म्हणायचे, "व्हय, जळायचा वास यायलाय कधीपास्नं." त्यांना टोमणा कळायचा, पण त्या दाद द्यायच्या नाहीत.

मला त्या वेळी दिवस गेले होते. पहिली मुलगी सासरीच झाली होती आणि कान टोचायच्या आत गेली. त्यामुळं आईनं निरोप पाठवला की हे बाळंतपण इकडंच होईल, काही झालं तरी. मलाही दुसरं काही सुचत नव्हतं. त्या घरात, त्या नजरांखाली, उधार न मिळणाऱ्या तेलावर मी दुसरं मूल वाढवू शकणार नाही असं मला पक्कं वाटत होतं. उन्हाळा लागताना दादा, माझा मोठा भाऊ, न्यायला आला.

यांनी सावकारांना आधीच जाऊन सांगितलं. सावकार म्हणाले, "जाऊ द्या की. लेकीचं माहेर हाय." एवढंच. इतक्या सहज परवानगी मिळाली म्हणून मी आणखीच घाबरले.

निघायच्या दिवशी एक गोष्ट घडली, आणि पुढचं सगळं तिच्यामुळं झालं. माझं बोचकं यांनी स्वतः बांधलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं स्वतःचं धोतरसुद्धा कधी घडी करून ठेवलं नव्हतं. मी हात धुऊन आले तर जुन्या गोधडीत माझी लुगडी, बाळाची दुपटी घालून गाठ पक्की आवळलेली. गोधडीचा एक कोपरा उसवला होता तो शिवलेलाही होता, लांब लांब टाक्यांनी, पुरुषी हातानं. मी उचलून बघितलं. जड लागलं. "काय घातलंत हो?" "तुझंच हाय समदं. गाठ सोडू नकोस आता, गाडी चुकल." सासूबाई दारातून कानडीत काहीतरी पुटपुटल्या. मी दादाच्या मागं निघाले, पण माझं सगळं चित्त त्या कोपऱ्यावर. माझ्या पोटाच्या आडून हा माणूस सोनं इंग्रजीत पाठवतो आहे. आज मी, उद्या तो, परवा सासूबाई. आणि मला विचारलंही नाही.

स्टेशनावर करोडगिरीच्या शिपायानं, म्हणजे हद्दीवरच्या जकातीच्या माणसानं, दादाची ट्रंक बघितली आणि सोडून दिली. मी बाकावर बसले, बोचकं मांडीजवळ. पोचवायला आलेले हे आणि दादा शेजारी उभे. आणि गाडीची वेळ झाली असताना सावकार आले. नेहमीसारखे हळूहळू चालत, पान चघळत. त्यांच्या मागं बाजारातली आठ-दहा माणसं आपोआप गोळा झाली.

"सूनबाई," ते म्हणाले, "खुशाल जावा. बाईमाणसाचं, त्यात पोटुशीचं बोचकं म्या सोडाया लावणार न्हाय. तेवढं एक करा. लिंग हातात धरून सांगा, ह्यात आमच्या हक्काचं काय न्हाय. तुमी सांगितलं की झालं. माझा तगादा दिवाळीपत्तर बंद. तुमच्या शब्दावर मुदत."

आमच्या लोकांत व्यवहार शेवटी तिथं येऊन थांबतो. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन बोललेल्या शब्दावर पुढं चौकशी नाही, साक्ष नाही, झडती नाही. खोटी शपथ घेतल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. ती वेळच कुणी येऊ द्यायचं नाही. आणि सावकारांनी यांची शपथ मागितली नव्हती. माझी मागितली, कारण बोचकं माझ्याजवळ होतं, आणि मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. मी शपथ घेतली तर दुकान दिवाळीपर्यंत वाचत होतं. चार बाजार भरभराटीचे गेले तर कायमचंही वाचलं असतं.

माझा हात पदराखाली गेला. लिंग हाताला लागलं. मी यांच्याकडं बघितलं. मला एवढंच हवं होतं की त्यांनी माझ्या डोळ्यांत बघावं. नुसतं मान हलवून सांगितलं असतं की काही नाही त्यात, तर मी घेतली असती शपथ. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. ते गोधडीच्या त्या शिवलेल्या कोपऱ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"घे गं," दादा म्हणाला. "गाडी यील आता."

मी हात बाहेर काढला. "मला ठावं न्हाय," मी म्हणाले. "बोचकं म्या बांधलं न्हाय. तुमीच सोडून बघा."

सावकारांचं पान चघळणं थांबलं. त्यांना बोचकं सोडायचं नव्हतं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून तेव्हाच दिसलं. हे पुढं आले, "अगं, असं..." म्हणाले आणि थांबले. मग माझा राग अनावर झाला. मीच गाठ सोडली, आणि शिवलेल्या कोपऱ्यात बोट घालून टाके ओढले.

आतून डिंक निघाला. डिंक, खारका, सुंठ, खोबऱ्याच्या दोन वाट्या. आमच्या दुकानात वरच्या फळीवर बरणीत असायचा तो, चांगल्यातला. दुकानाच्याच कागदात बांधलेला. पुडी ओढताना फाटली आणि खारका फलाटावर घरंगळल्या. कुणीतरी हसलं.

बाळंतिणीच्या लाडवांचं सामान. स्वतःच्या दुकानातून यांनी चोरलं होतं, सावकारांना न विचारता.

सावकारांनी पायाशी आलेली खारीक उचलून गोधडीवर ठेवली. "न्या," मला म्हणाले, "बाळंतिणीचं हाय. ह्याचं मला काय वाटत न्हाय." मग यांच्याकडं वळले. आवाज तसाच मऊ. "पर शेट, मुदत म्या शब्दावर द्याया आलतो. तुमच्या घरच्या माणसाला तुमचा भरवसा वाटंना. मग म्या तर परका. म्या कशावर ठिवू?"

यांनी खाली बसून खारका गोळा केल्या, फुंकर मारून एकेक. गाडी आली. मी खिडकीत बसल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, "सावकार शपथ घालणार, हे मला ठावं हुतं. म्हणूनच तुला सांगितलं न्हाय. तुला ठावंच नव्हतं, तर तुझी शपथ खोटी झाली नसती."

उत्तर सुचलं ते गाडी हलल्यावर. मला न सांगता माझ्या तोंडून देवाची शपथ वदवायला निघालेला माणूस, आणि वर मलाच समजावतो. बार्शी येईपर्यंत मी रडत होते आणि दादावर चिडत होते, बिचाऱ्याचा काही संबंध नसताना.

आईनं त्याच डिंकाचे लाडू केले. मुलगी झाली, धडधाकट, घर डोक्यावर घेणारी. मी लाडू खायचे आणि प्रत्येक घासाला राग यायचा, आणि मग ते लांब लांब टाके आठवायचे. मुलीला अजून मान धरता येत नव्हती तेव्हा दादा येडशीला जाऊन आला. दुकानावर जप्ती आली होती. घरही गेलं होतं. मायलेक एका खोलीत भाड्यानं राहत होते. मी मुलीला घेऊन परतले ती त्या खोलीत. सासूबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, पण माझ्याशी पुढं कितीतरी महिने त्या मराठीत बोलल्या नाहीत.

पाटल्यांचंही पुढं कळलं. उरलेले पैसे बार्शीच्या आडत्याला गेले होते. त्याचंही देणं होतं, आणि तेही मला सांगितलं नव्हतं. म्हणजे माझा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सासरच्या मंडळींनी पुढं जन्मभर मला ऐकवलं की बाईनं फलाटावर नवऱ्याला उघडं पाडलं. पाडलं. आज तोच प्रसंग आला तरी जे मला ठाऊक नाही त्याच्यावर मी लिंग हातात धरणार नाही. पण दुकान माझ्या शब्दावर टिकलं असतं, आणि तो शब्द मी दिला नाही, हेही तितकंच खरं. ते मी कधी नाकारलं नाही.

यांनी डोक्यावर मिरची-मसाल्याचं गाठोडं घेऊन आठवडी बाजार धरले. बेंबळीचा बाजार, तामलवाडीचा बाजार, ऊन असो की चिखल. घरात नेमानं सगळं सांगायला लागले. आज अमक्याचे इतके दिले, तमक्याचे इतके राहिले. मी न विचारता. सावकारांचं उरलेलं देणं फिटायला मोगलाई जावी लागली, तोवर मुलगी शाळेत जायला लागली होती. मग हळूहळू माणसं परत उधार द्यायला लागली. बार्शीहून निरोपावर माल येऊ लागला. एक दिवस सावकार स्वतः येऊन कुणाच्या तरी व्यवहारात यांना जामीन राहा म्हणाले, आणि यांनी मला विचारून मगच होकार दिला. बाजारात त्यांचा शब्द पुन्हा चालू लागला.

पण बाजारातून आलं की पिशवी ते माझ्या हातात द्यायचे नाहीत. जमिनीवर बसायचे, पिशवी सोडायचे, एकेक जिन्नस काढून माझ्यासमोर मांडायचे, रिकामी पिशवी उलटी करून झटकायचे. सुरुवातीला मला तो टोमणा वाटायचा. भांडले मी त्यावरून. मग लक्षात आलं की तो टोमणा नाही. त्यांना खरंच वाटायचं की मी मनातल्या मनात चाचपून बघत असेन. मी किती वेळा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या हो, माझा भरवसा हाय." ते म्हणायचे, "असू दे. बघून घे."

मुलीचं लग्न झालं. पाठवणीच्या वेळी सगळी मंडळी दारात, मुलगी रडतेय, व्याही घाई करतायत. तिच्याबरोबर द्यायचं गाठोडं यांनी बांधलं होतं. ते मधेच खाली बसले आणि त्यांनी गाठ सोडली. लुगडी, चोळ्या, तांब्याचं भांडं, सगळं एकेक करून बाहेर काढलं आणि वर बघितलं. मुलीकडं नाही, जावयाकडं नाही. माझ्याकडं. भरल्या मांडवात मी हात जोडले त्यांच्यापुढं, म्हणाले, "बांधा आता. बांधा हो."

"बघितलंस न्हवं समदं?" त्यांनी विचारलं.

"बघितलं," मी म्हणाले. तेव्हा कुठं त्यांनी गाठ मारली.